एनो अडिक्सचे एकोणीस किलो

आमच्या ओस्टरसीलमध्ये कुणी मोठा साहेब झाला, तर लोक त्याचं अभिनंदन करत नाहीत. तो लहानपणी कुठल्या चरात पडला होता ते एकमेकांना आठवून सांगतात. एनो अडिक्स तीन चरांत पडला होता, त्यातला एक नुसत्या गाळाचा होता. त्यामुळे पुढे विमानांच्या कारखान्यात तो सहीचा अधिकार असलेला साहेब झाला तरी गावाला त्याचं दडपण आलं नाही. त्याला स्वतःलाही कधी आलं नाही. "माझी सगळी बढती पोटामुळं झाली," असं तो सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

एनोचे वडील डेअरीत दूध घ्यायचे काम करत. कॅन नुसता उचलून त्यात पाणी किती आहे ते सांगायचे. मुलानं आपल्यामागं डेअरीत यावं असं त्यांच्या मनात होतं, पण मुलाला दुधाच्या वासानं मळमळायचं. मग पंधराव्या वर्षी एनो ब्रोडरसनच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. ब्रोडरसनमध्ये अख्खं विमान होत नसे, नुसतं शेपूट होई. इंजिनं विमानाला पुढे नेतात, पंख वर उचलतात, आणि ते भलतीकडं जात नाही ना एवढं शेपूट बघतं. आमच्या लोकांना शोभेल असंच काम ते. पुढं जायची हौस नाही, वर जायची त्याहून नाही, पण दुसरा कुणी वाकडा चालला तर लगेच कळतं.

पहिलं वर्षभर एनोच्या हातात एक लोखंडी ठोकळा आणि एक कानस. ठोकळा सगळ्या बाजूंनी सरळ घास, एवढंच शिक्षण. एक बाजू सरळ झाली की शेजारची वाकडी निघायची. नाताळापर्यंत ठोकळ्याचा साखरेचा खडा झाला. मिस्त्रींनी तो चिमटीत धरून उजेडाकडं नेला. "सरळ आहे," म्हणाले, "पण आता मोजायला काही उरलं नाही."

तरी त्याला ठेवून घेतलं, कारण तो काडीसारखा होता. शेपटाच्या पत्र्यांना रिव्हेट मारायचे म्हणजे एक माणूस बाहेरून ठोकणार, दुसऱ्यानं आत सरपटत जाऊन पलीकडून लोखंड दाबून धरायचं. बाहेरून ठोकायला मेटा ल्युअर्स होती. ती एनोच्या शेजारच्या घरातली, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि ते दोन वर्षांचं मोठेपण तिनं जन्मभर सोडलं नाही. सात वर्षं ती बाहेर आणि तो आत. दोघांचं सगळं बोलणं पत्र्यातून व्हायचं.

मग एनोनं गेझिनेशी लग्न केलं. गेझिने लोण्याचा केक मोठ्या परातीएवढा करायची, आणि घरात माणसं दोन. त्र्याहत्तरच्या मार्चात एक दिवस एनो सकाळी शेपटात गेला आणि संध्याकाळची सुट्टी झाली तरी बाहेर आला नाही.

"एनो, भोंगा झाला," मेटा पत्र्यावर टकटक करत म्हणाली.

"ऐकला."

"मग ये की."

"येतोय."

"अर्धा तास झाला, येतोयस."

आतून आवाज आला, "मेटा, मला वाटतं शेपूट आकसलंय."

मेटानं बारा रिव्हेट कापून पत्रा उघडला आणि त्याला पायाला धरून ओढून काढला. दुसऱ्या दिवशी कारखान्यानं त्याला वजनखोलीत बसवलं, म्हणजे जिथं प्रत्येक सुटा भाग काट्यावर ठेवून त्याचं वजन लिहितात तिथं. माणूस जाड झाला म्हणून त्याला वजनांवर नेमणारा आमचा एकच कारखाना असेल.

पण एनोला तिथंच बरकत आली. बापाचा हात त्याच्यात उतरला होता. भाग उचलला की काटा काय दाखवणार ते तो आधीच सांगायचा. संध्याकाळच्या शाळेत जाऊन तो तंत्रज्ञ झाला, मग वजन विभागाचा प्रमुख, आणि पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत कारखान्याच्या वतीनं सही करणाऱ्या चार माणसांतला एक. मेटाही बसून राहिली नाही. ती कामगार मंडळाची अध्यक्ष झाली. तिच्या सहीशिवाय कारखान्यात कुणाला शनिवारी झाडूसुद्धा मारता येत नसे, आणि रविवारच्या कामाच्या कागदावर तर एकोणीस वर्षांत तिनं सही केली नव्हती.

आता या वजनाच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. विमान बनवणारी मोठी कंपनी शेपटाचं वजन करारात बांधून देते. त्याच्या वर एक किलो गेलं की ओरड. सगळे भाग तयार व्हायच्या आधी नुसत्या अंदाजानं बेरीज करावी लागते. आणि अंदाज चुकून आपल्या अंगावर यायला नको म्हणून आमची माणसं थोडं वर धरतात. रिव्हेटवाले म्हणतात तीन किलो असेल, पण साडेतीन लिहू. नकाशेवाले त्या साडेतीनाचे पावणेचार करतात. खोटं बोलायचं म्हणून कुणी करत नाही. आम्ही छत्रीसुद्धा दोन नेतो, एक पावसासाठी आणि एक पहिली विसरली तर.

शहाण्णव साली नव्या शेपटाची बेरीज झाली, ती करारापेक्षा एकसष्ट किलो जास्त. त्या वेळी कारखान्याचे मुख्य होते डॉक्टर व्हिटकोप, औषधाचे नव्हेत, पदवीचे डॉक्टर, दोन वर्षांपूर्वी दक्षिणेकडून आलेले, बारीक चणीचे, नेहमी इस्त्रीतले. त्यांनी एनोला बोलावून समोर कागद ठेवला. पत्र्याचं शेपूट इथं याहून हलकं होऊ शकत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली वजन विभागाच्या प्रमुखाची सही हवी होती.

"सही झाली की शेपटाचं काम दक्षिणेकडच्या कारखान्यात जाईल," डॉक्टर म्हणाले. "ते लोक पत्र्याऐवजी हलक्या कार्बनच्या तंतूंत करतात. इथली तिसरी शेड बंद करावी लागेल. एकशे चाळीस माणसं आहेत, मला वाईट वाटतं. पण कारखाना जगेल, आणि त्याला माझ्या जोडीला दुसरा संचालक लागेल. मी तुमचं नाव कळवलंय, अडिक्स. मंगळवारी त्या कंपनीचे लोक येताहेत, तेव्हा सही द्या."

एनोनं कागद घरी आणला. तिसरी शेड म्हणजे तो जिथं अडकला होता ती, मेटाची शेड. पण बेरीज तर त्याच्याच विभागाची होती, आणि एनोचा काट्यावर विश्वास होता. एकसष्ट म्हणजे एकसष्ट. गेझिनेनं विचारलं, "संचालक म्हणजे खोली मोठी मिळते का रे?" तो म्हणाला, "खुर्ची मोठी मिळते." ती म्हणाली, "ती तुला आत्ताही लागते."

त्या आठवड्यातल्या शनिवारी कारखान्याची कोलची सहल होती. थंडी चांगली पडली, कोलची, म्हणजे कुरळ्या पानांच्या कोबीची, पानं एकदा गारठली, की आमच्याकडं प्रत्येक कचेरी, प्रत्येक क्लब ही सहल काढतो. हातगाडीवर बाटल्या घालायच्या, लाकडी चेंडू रस्त्यानं लांब फेकत चालत जायचं, चेंडू चरात गेला की लांब दांड्याच्या जाळीनं काढायचा, आणि संध्याकाळी खाणावळीत गरम कोल आणि जाड जाड सॉसेज खायचे. जेवायच्या आधी सगळ्यांचं वजन करतात आणि जेवून झाल्यावर पुन्हा. ज्याचं सगळ्यात जास्त वाढलं तो कोलचा राजा. राजाच्या गळ्यात रिबिनीला बांधलेला डुकराचा जबडा घालतात. पुढच्या वर्षीची सहल त्यानं काढायची, आणि उभं राहून भाषण करायचं.

भाषण म्हटलं की आमची माणसं दाराकडं सरकतात. धरण फुटलं तर रात्रभर वाळूची पोती वाहतील, पण पंचवीस माणसांपुढं पाच वाक्यं बोला म्हटलं की आजारी पडतील. त्यामुळं राजा कुणालाच व्हायचं नसतं.

तालेयाच्या खाणावळीत बटाट्याची पोती तोलायचा काटा होता. त्यावर एकेक जण चढत गेला. तालेया पाटीवर खडूनं आकडे लिहीत होती. एनोनं त्या वर्षी मुद्दाम मोठा ओव्हरकोट घातला होता. मंगळवारी संचालक व्हायचं, आणि शनिवारी गळ्यात डुकराचा जबडा, हे बरं दिसलं नसतं. म्हणून त्यानं दोन्ही खिशांत फेकायचे दोन चेंडू टाकले होते. चांगले शिशाचे गाभे असलेले. तो चढला तसा काटा कुरकुरला.

"गेझिने काय खायला घालते तुला?" तालेयानं विचारलं.

"जे उरतं ते," एनो म्हणाला.

जेवण झालं. सगळ्यांनी आडवा हात मारला. डॉक्टर व्हिटकोप सहलीला पहिल्यांदाच आले होते, कोलही पहिल्यांदाच मिळाली होती. त्यांनी ती आधी जेवणाच्या काट्यावर थोडी घेऊन हुंगून पाहिली आणि मग तीनदा वाढून घेतली. मग पुन्हा वजनं झाली.

तालेया पाटीवर आकडे लिहीत गेली. लिहिता लिहिता तिचा हात मंद झाला. शेवटी खडू ठेवून ती म्हणाली, "तीस वर्षं मी माणसांना जेवायला घालते. माझ्या टेबलावरून उठून माणूस बारीक झालेला मी अजून पाहिला नव्हता. आज तेवीस झालेत."

कुणी एक किलो कमी झाला होता, कुणी दोन. एनो साडेचार. सगळ्यांनी आधी खिशांत काहीबाही भरलं होतं आणि जेवताना हळूच टेबलाखाली काढून ठेवलं होतं. मेटाच्या खुर्चीखाली एक विटेचा तुकडा निघाला. एकटे डॉक्टर व्हिटकोप तेवढे एक किलो शंभर ग्रॅमनं वाढले होते. त्यांना रीत माहीत नव्हती, ते रिकाम्या खिशानं चढले होते. त्यांच्या गळ्यात जबडा पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि डॉक्टर अगदी आनंदानं दोन्हीकडं मान लववत राहिले.

एनोनं टाळी वाजवली नाही. तो पाटीकडं बघत होता. तेवीस माणसं, प्रत्येकानं आपापल्यापुरता छोटासा दगड, आणि एकूण बेरीज चाळीस किलोंवर. त्यानं ती बेरीज पुन्हा एकदा केली.

मेटा त्याच्या शेजारी येऊन बसली. "काय झालं? राजा झाला नाहीस म्हणून वाईट वाटतंय?"

"मेटा, शेपटाच्या बेरजेत तुमच्या शेडनं किती वर धरलंय?"

"काही नाही."

"मेटा."

"तीन टक्के. तेवढं सगळेच धरतात."

"नकाशेवाले चार धरतात. जोडणीवाले दोन. आणि मग ते माझ्याकडं येतं." एनोनं ग्लास बाजूला सारला. "आणि मी शेवटी एकोणीस किलो घालतो. 'पुढील बदलांसाठी' म्हणून. भाग वगैरे काही नाही, नुसते एकोणीस किलो."

मेटानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं शेपटातून पायाला धरून काढताना पाहिलं होतं. "म्हणजे सगळ्यात मोठा दगड तुझा."

"नेहमी माझाच असतो."

"किती शेपटांत?"

"अकरा वर्षांच्या."

"त्या अकरा वर्षांत आम्ही वजन कमी करायला पत्र्याला भोकं पाडली," मेटा म्हणाली. "माझ्या मनगटात अजून कळ येते. तुझी भीती हलकी करायला पाडली होय ती."

एनोनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. तो म्हणाला, "दोन तृतीयांश भाग तयार होऊन शेल्फावर पडलेत. ते कुणी काट्यावर ठेवलेच नाहीत, सगळे एप्रिलमधल्या जोडणीची वाट बघताहेत. उद्या तोलले तर मंगळवारच्या आत कळेल."

"उद्या रविवार आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तुला सांगतोय."

मेटानं बोटांवर नियम मोजले. अर्ज तीन दिवस आधी यावा, कारण लेखी असावं, हे सगळे नियम तिनं स्वतः भांडून मिळवले होते. शेवटी तिनं बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा ओढला, कोरडी बाजू वर केली आणि तालेयाकडून पेन्सिल मागितली. "आठ माणसं, सकाळी सातपासून," तिनं लिहिलं आणि सही केली. "आणि अडिक्स स्वतः भाग उचलणार. हेपण लिहिते."

रविवारी चर्चच्या घंटा वाजत असताना तिसऱ्या शेडमध्ये नऊ माणसं पट्ट्या, फासळ्या, बिजागऱ्या काट्यावर ठेवत होती. एनो भाग उचलायचा, आकडा पुटपुटायचा आणि मग काटा बघायचा. बापासारखा त्याचा हात चुकत नव्हता. चुकत होते ते त्याच्याच विभागाचे छापील कागद. इतकी वर्षं हातानं त्याला खरं सांगितलं होतं आणि सही मात्र त्यानं कागदावर केली होती. संध्याकाळी बेरीज झाली: तयार भाग कागदापेक्षा सदतीस किलोंनी हलके. त्यात एनोचे एकोणीस मिळवून वजा केले, की एकसष्टातले पाच उरत होते. आणि पाच किलो तर मेटाची माणसं नुसत्या कानशीनं काढतील.

फक्त ते एकोणीस किलो कुणाचे, हे सांगावं लागणार होतं. सदतीस सगळ्यांचे होते, त्यात कुणाचं नाव नव्हतं. एकोणीसच्या पुढं एनोची सही होती. सोमवारी दिवसभर त्यानं ते दुसऱ्या कशात बसतात का ते पाहिलं. रंगात बसवून पाहिले, वायरींत बसवून पाहिले. कुठंच बसेनात. कुंपणानंच शेत खाल्लेलं, आता कुठल्या गाईवर ढकलणार?

मंगळवारी त्या कंपनीचे दोघे आले. कॉफी झाली, बिस्किटं झाली. डॉक्टर व्हिटकोपनी एनोपुढं कागद सरकवला.

"मला यावर सही करता येत नाही," एनो म्हणाला आणि रविवारचे आकडे त्यांच्यापुढं ठेवले. पाहुण्यांनी ते वाचले. त्यातला एक जण एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे एकोणीस कसले?"

"ते मी आहे," एनो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कुठलाच भाग नाही. मी घाबरून घातलेले. अकरा वर्षं प्रत्येक शेपटात घालतोय. तुम्ही वजन कमी करा म्हणून पत्रं पाठवायचा, ती निम्मी माझ्यामुळं."

मग डॉक्टर व्हिटकोपनी विचारलं, "आणि हे तुमच्या ध्यानात आलं कधी?"

एनोला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं खिशातले चेंडू, मेटाची वीट, तालेयाची पाटी, सगळं सांगितलं. पाहुणे हसले. डॉक्टर हसले नाहीत. एकोणीस किलो त्यांनी गिळले होते, हे मात्र घशाखाली जाईना.

"म्हणजे त्या काट्यावर खऱ्या वजनानं मी एकटाच उभा होतो," ते म्हणाले.

"हो, डॉक्टर."

"आणि म्हणून मी राजा."

"आमच्याकडं असंच होतं."

"मग पुढच्या वर्षीचं भाषण आता मला करायला नको."

"करावं लागेल," एनो म्हणाला. "राजा तो राजा."

पाहुणे कागद घेऊन गेले आणि दोन आठवड्यांनी त्यांनी कळवलं, की शेपटाचं काम तिसऱ्या शेडकडंच राहील. पण त्या मंगळवारच्याच दुपारी डॉक्टरांनी एनोला थांबवून घेतलं. "तुम्ही खरं सांगितलंत," ते म्हणाले, "पण एका विभागात एकोणीस किलो लपवणारा माणूस सगळ्या कारखान्याच्या खुर्चीवर बसला, तर काय काय लपवेल? मी तुमचं नाव मागं घेतोय, अडिक्स."

"मीही मागं घेतलं असतं," एनो म्हणाला. हे त्यानं मोठेपणानं म्हटलं असं नाही. घरी जाताना सायकलवर तो वाटभर वाऱ्याला दोष देत गेला.

गेझिने दारातच होती. "काय झालं?"

"शेड वाचेल. खुर्ची गेली."

"मी माझ्या बहिणीला रविवारीच फोन करून सांगितलं, तू संचालक झालास म्हणून," ती म्हणाली. "तिनं तिच्या नवऱ्याला सांगितलं. त्यानं त्याच्या सगळ्या क्लबला सांगितलं."

"मग आता?"

"आता तिला तू फोन कर. मी करणार नाही. मी कोट काढून घेते तुझा."

पाहुण्यांसमोर एनोनं एका दमात सगळं सांगितलं होतं. मेव्हणीचा नंबर मात्र त्यानं दोनदा चुकीचा फिरवला. पाच मिनिटं तो "हो," "नाही," "माझीच चूक," एवढंच म्हणत राहिला, आणि फोन ठेवल्यावर त्यानं जेवण मागितलं.

तीन वर्षांनी डॉक्टर व्हिटकोप दक्षिणेला परत गेले, आणि संचालकाची जागा पुन्हा निघाली. या वेळी नाव ठरवायच्या सभेत कामगारांच्या बाजूनं मेटा होती. मतं उघड झाली. एनो दोन मतांनी निवडून आला. मेटाचं मत त्याच्याविरुद्ध होतं.

संध्याकाळी ती त्याच्या कुंपणाशी आली. एनो बागेत कोलच्या वाफ्यात वाकला होता.

"तुझ्याविरुद्ध मत दिलं मी," ती म्हणाली.

"ऐकलं."

"कामगारांच्या बाजूनं बसून साहेबाला मत दिलं असतं, तर तिसऱ्या शेडमध्ये मला तोंड दाखवता आलं नसतं."

"नसतं आलं."

"पण पडलास तर काय, म्हणून मी आधी मोजून घेतलं होतं. माझं मत विरुद्ध धरूनही दोन मतं जास्त होती तुझी."

एनो सावकाश उठला, गुडघ्याची माती झाडली. "म्हणजे तूही मोजूनच विरुद्ध गेलीस," तो म्हणाला.

"मग काय, अंदाजानं जाऊ?" मेटा म्हणाली आणि घराकडं वळली.